वहीतले एक्केचाळीस हजार

बेळगावच्या वडगावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"अक्का, आमचे हे उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहेत. वर्षअखेरीला रजा शिल्लक होती म्हणून नाताळपासून एक तारखेपर्यंत सुट्टी घेतली. मालकाकडून पंधरा हजार उचल घेतली आणि दोन मित्रांबरोबर बेंगळूरला घोड्यांच्या रेसला गेले. तीन दिवसांनी आले, मग घरात बसून फोनवर खेळले. एकतीसला रात्री गल्लीतली पोरं सरत्या वर्षाचा ओल्डमॅनचा पुतळा जाळत होती, आमचा मुलगा बाबांना बोलवायला गेला तर हे जिन्यात अंधारात फोन कानाला लावून. दोन तारखेला म्हणाले, 'एक्केचाळीस हजार मारलेत बघ.' मला काळी रेशमी साडी, मुलाला मोबाईल, गल्लीभर कुंदा. मामा, म्हणजे माझे सासरे, तर छाती फुगवून फिरतात, आमच्या रक्तातच शर्यत आहे म्हणतात. आता फेब्रुवारीत मुंबईला डर्बी आहे म्हणे, त्याला माझ्या भिशीचे तीस हजार मागतायत. माझा नंबर याच महिन्यात आहे. मी नको म्हटलं तर मामा म्हणतात, 'पोरगं कमवून आलंय की, अन् ही तोंड पाडून बसलीया.' ह्यांच्या वहीतले आकडे उतरवून पाठवते. माझंच चुकतंय का? आणि साडीची घडी अजून मोडली नाही, संक्रांतीला नेसू का?"

ताई, तुमच्या पाकिटातला आकड्यांचा कागद मी आधी वाचला आणि पत्र नंतर. अठ्ठावीस वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरवर काढली आहेत. आकड्यांचा कागद समोर आला की पेन्सिल आपोआप हातात येते.

तुम्ही एक फार चांगलं केलंत. वहीत जसं होतं तसंच उतरवलंत, लाल पेनानं गोल केलेले आकडे गोल करून आणि समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेले बारीकच. लाल गोलात आलेले पैसे आहेत: २६ तारखेला ६,२००, २७ ला ४,३००, २८ ला २२,५००, ३० ला ८,०००. बेरीज बरोबर ४१,०००. तुमचे मिस्टर बेरजेत चुकलेले नाहीत.

आता समास. तिथे लावलेले पैसे आहेत. २५ ला ३,०००, २६ ला ५,५००, २७ ला ७,०००, २८ ला ६,०००, ३० ला ६,५००, ३१ ला ५,०००, एक तारखेला ४,५००. ही बेरीज वहीत कुठेच मारलेली नाही, ती मी मारली. ३७,५००.

म्हणजे राहिले साडेतीन हजार. गाडीभाडं, लॉज, जेवण मिळून ४,२०० गेले असं तुम्हीच लिहिलंय. आठवडाभराच्या कमाईचा हिशोब झाला उणे सातशे.

अजून पुढे चला. घरातून निघताना खिशात १५,००० होते, एक तारखेला खेळ थांबला तेव्हा १४,३०० असायला हवेत. साडी ३,८००, मोबाईल ११,५००, कुंदा हजाराचा. खर्च १६,३००. दोन हजार कमी पडतात, ते कोणी दिले? आणि मालकाची पंधरा हजारांची उचल तशीच उभी आहे. ती पगारातून कापली जायला लागली की मामांना कुंद्याची चव परत आठवेल.

तेव्हा तुमचं चुकत नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथेच बायका चुकतात, मीही चुकले आहे. तुमचे मिस्टर तुमच्याशी खोटं बोललेले नाहीत. एक्केचाळीस हजार जिंकलो असं त्यांना खरोखरच वाटतं. आलेला पैसा एकदम येतो, मोजून हातात पडतो, मित्र पाठीवर थाप मारतात. गेलेला पैसा पाचशे-पाचशेनं जातो आणि त्याला कोणी साक्षीदार नसतो. माझा थोरला भाऊ रेस खेळायचा. जिंकला की पेढे आणायचा, देवापुढे ठेवायचा, मग सगळ्यांच्या हातावर. हरला की डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपायचा, आणि आई त्याच्या कपाळाला बाम चोळत बसायची. घरात आम्ही पेढे मोजत होतो. बामच्या बाटल्या कोणी मोजल्या नाहीत. पुढे शेत विकायचं निघालं तेव्हा आई म्हणाली, अगं पण हा तर जिंकायचा ना?

कागदावरच्या २८ तारखेकडे परत या. रविवार. तिथे तुम्ही "१५०० × १४" असं उतरवलंय. एका घोड्यावर पंधराशे लावले, रुपयाला चौदाचा भाव होता, घोडा आला. एकवीस हजार नफा आणि आपले पंधराशे परत, २२,५००. हा एक घोडा काढून टाका. उरलेल्या आठवड्यात १८,५०० आले आणि ३६,००० गेले, म्हणजे निम्म्याच्या जरासं वर. असा घोडा दर रविवारी येत नाही, आणि येत नाही म्हणूनच त्याला चौदाचा भाव असतो.

पण माझी पेन्सिल अडली ती दुसऱ्याच ठिकाणी. रेसकोर्सच्या खिडकीवर किंवा तिथल्या परवानाधारक बुकीकडे दहा हजारांच्या वर जिंकलात तर ३० टक्के आयकर तिथल्या तिथे कापून पैसे देतात. एकवीस हजारांवर सहा हजार तीनशे कापले गेले असते. वहीत मात्र पूर्णच्या पूर्ण २२,५०० आहेत, एक पैसा कमी नाही. म्हणजे तुमचे मिस्टर बेंगळूरच्या रेसकोर्सवर उभे असले तरी पैसे लावले ते बाहेरच्या, फोनवरच्या माणसाकडे. जिन्यातला फोनही त्याचाच.

हा माणूस गिऱ्हाइकाला काय सांगतो ते मला पाठ आहे: आमच्याकडे टॅक्स नाही. त्यात आमिष मोठं आहे, कारण कायदेशीर पैजेवर कर खरंच जबर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, आणि तो जिंकलेल्या पैशावर नाही, लावलेल्या सगळ्या रकमेवर. जिंकलं तर वर तो ३० टक्के आयकर, आणि हरलेले त्यातून वजा धरता येत नाहीत. चार वेळा हरून एकदा जिंकलात तरी सरकार त्या एकदावरच बोट ठेवतं. इतका कर देऊन कोणी वर्षअखेरीस फायद्यात राहत असेल तर त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.

म्हणून लोक बाहेर वळतात. पण रेसकोर्सबाहेर, परवान्याशिवाय अशी पैज घेणं आणि लावणं कर्नाटकाच्या १९६३ च्या पोलीस कायद्यानं गुन्हा आहे. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांवर केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळा कायदा करून बंदी घातली आहे. आणि १८७२ चा करार कायदा सांगतो की पैजेचा करार मुळातच करार नव्हे. म्हणजे बुकीनं उद्या पैसे बुडवले तर कोणत्याच कोर्टात दाद नाही. उलट बाजूनं, त्याची उधारी झाली असेल तर तोही कोर्टात जाऊ शकत नाही. तो कोर्टात जातही नाही, दारात येतो. ते दोन हजार कुठून आले, हे मी उगाच विचारलेलं नाही. फोनवरचा बुकी ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारीवर खेळू देतो आणि हिशोब मागाहून करतो. ३१ आणि एक तारखेच्या साडेनऊ हजारांपैकी रोख किती दिले आणि "नंतर बघू" किती, हे तुम्हाला कळलं पाहिजे. वहीत ते नसणार.

आता तुमच्या घरातल्या वकिलांकडे वळते.

मामा रक्तातल्या शर्यतीचं बोलतात. चिक्कोडीकडे त्यांनी शर्यतीची बैलं पाळली होती असं तुम्ही लिहिलंय. आपल्या भागात जत्रेला बैलगाडीची, घोडागाडीची शर्यत असतेच, आणि २०१४ ची बंदी जाऊन १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींना मोकळीक दिली तेव्हा आमच्या घरीही फोन वाजले होते. पण मामांना विचारा, बैलाला भरडा कोण घालत होतं? पहाटे धुवायला कोण नेत होतं? आपल्या बैलाचा कुठला खूर दुखतो हे त्यांना अंधारात कळत असेल. मिस्टरांनी ज्या घोड्यावर पंधराशे लावले त्याचा रंग तरी त्यांना आठवतो का? (जत्रेतही कडेला पैजा लागायच्या आणि त्यात कोणाकोणाची बैलंच जायची, ते मामा सांगणार नाहीत. मीही ताणत नाही.)

मिस्टर म्हणतात की कोर्टानंच रेसला कसब म्हटलंय. खरं आहे. १९९६ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. घोड्याची पैदास, शिकवण, जॉकीची हातोटी, आणि हे सगळं अभ्यासून पैसे लावणाऱ्याची समज, सगळं त्यात धरलं. पण कुस्तीही कसबच आहे, म्हणून मी आखाड्यात उतरले तर काय होईल? टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या खिडकीवर, पैसे लावले की सगळ्यांचे पैसे एका हंड्यात जातात, क्लबचा वाटा आणि कर आधी निघतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. तिथे तुमच्या मिस्टरांची गाठ तीस-तीस वर्षं रेसबुक चाळणाऱ्यांशी, तबेल्यातली खबर असणाऱ्यांशी पडते. नाताळच्या सुट्टीत गेलेला माणूस त्या हंड्यात भर घालायला जातो.

शिवाय बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. म्हणजे चांगला घोडा असेल त्याच्या पाठीवर जास्त वजन, कमकुवताच्या पाठीवर कमी. वजन ठरवणाऱ्याचं काम हेच की सगळे घोडे जमेल तितके बरोबरीनं खुंटाला पोचावेत. एवढ्या कष्टानं बरोबरीत आणलेल्या घोड्यांतून "पक्का" घोडा फोनवरून सांगणारा किती उदार म्हणायचा!

बुकीचं गणित मी एकदा भावासाठी मांडलं होतं, तेच तुम्हाला देते, मिस्टरांपुढे ठेवा. सहा घोडे. भाव रुपयाला एक, दोन, चार, पाच, आठ आणि दहा. कुठलाही घोडा आला तरी हातात शंभर रुपये पडावेत म्हणून सहाहीवर लावायचं. पहिल्यावर ५० लागतील, दुसऱ्यावर ३३, मग २०, १७, ११ आणि ९. बेरीज करा. १४० घालून १०० परत. वरच्या चाळिसात बुकीचं घर चालतं, मग घोडा कुठलाही येवो. भाव शर्यतीगणिक बदलतील, पण बेरीज शंभराच्या खाली येईल असा भाव बुकी फळ्यावर लिहीत नाही.

राहिली डर्बी. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर, २,४०० मीटर, चार वर्षांचे निवडक घोडे. १९४३ पासून चालू आहे. ही हँडिकॅप नसते, म्हणून "इथे फेव्हरिट येतोच" असं मित्र सांगत असतील. पुष्कळदा येतोही. पण त्याचा भाव इतका चिंचोळा असतो की त्यावर खेळून एक्केचाळीस हजारांची चटक लागलेल्या माणसाचं समाधान होत नाही, तो शेवटच्या शर्यतीत परत चौदाचा भाव शोधतो. आणि खोटं कशाला बोलू, रेस दिसते फार सुंदर. आमच्या ह्यांच्याबरोबर पावसाळ्यात मी एकदा पुण्याचं रेसकोर्स पाहिलंय. ओल्या हिरवळीवरून ते घोडे आले तेव्हा पायाखालची जमीन थरथरली होती. मला दोन रात्री ते स्वप्नात दिसले. म्हणून तुमच्या मिस्टरांना मी मूर्ख म्हणत नाही.

आता करायचं काय.

भिशीच्या बायकांत तुमच्या विश्वासाची कोणी असेल तिच्याशी नंबर बदलून घ्या, अगदी शेवटचा घ्या. एखादीच्या घरी लग्न किंवा फी असतेच, ती आनंदानं देईल. आणि हे लपवू नका. "नंबर मी पुढे ढकललाय" असं सरळ सांगा. कारण विचारलं तर "वही बघून" म्हणा. पंधरा बायकांनी महिन्याला दोन-दोन हजार काढून जमवलेले ते पैसे आहेत, नंबर पहिलाच असेल तर त्यात तुमचे दोनच हजार आणि बाकी अठ्ठावीस हजार पुढच्या चौदा महिन्यांत तुम्हालाच फेडायचे आहेत. हे मिस्टरांच्या लक्षात आलेलं नाही, असं मला वाटतं. इतक्या लवकर उचलली तर ती भिशी नव्हे, जवळजवळ उचलच.

दागिने कुठे आहेत ते आज पाहा. हात लावून पाहा, डबा पाहून समाधान मानू नका. जानेवारीत आमच्या काउंटरवर सोनं घेऊन येणारे पुरुष मी ओळखायची. बायकोची पाटली रुमालात बांधून आणायचे आणि "घरात दुरुस्ती काढलीय" म्हणायचे.

मग वही. मामांसमोर नको, मित्रांसमोर नको, रात्री मुलं झोपल्यावर. "तुम्ही हरलात" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्यांना म्हणा, एवढी समासातली बेरीज मला करून द्या. त्यांनीच करायला हवी. हा माणूस दिवसभर मायक्रोमीटर लावून जॉब तपासतो, मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तर पीस बाजूला काढतो. त्यांना आकडा दाखवावा लागत नाही, दिसतो. बेरीज झाली की थोडा वेळ गप्प बसा. तिथे तुम्ही बोललात तर भांडण तुमच्या बोलण्यावर होईल आणि ३७,५०० बाजूला राहतील.

त्यानंतर दोनच प्रश्न विचारा. कोणाचं देणं आहे का? फोनवर कर्जाचं ॲप घेतलंय का? उत्तर काहीही आलं तरी त्या रात्री ओरडू नका. देणं असेल तर रक्कम लिहून घ्या, मालकाच्या उचलीखाली. मात्र फेडायला तुमचं सोनं पहिल्या झटक्यात काढून देऊ नका. आमच्या आईनं दिलं होतं, दोनदा.

आणि ते चिडले, रात्री झोपेनात, डर्बीला गेलो नाही तर जीव जाईल असं वागू लागले, किंवा कबूल करून पुन्हा जिन्यात गेले, तर ही स्वभावाची किंवा संस्काराची गोष्ट उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे आणि त्यावर उपचार होतात. १४४१६ हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो आधी तुम्ही लावा, त्यांच्यासाठी नाही, तुमच्या झोपेसाठी. समोरासमोर डॉक्टर हवे असतील तर धारवाडची डिमहान्स ही मानसोपचार संस्था आहे. "धारवाडला नेलं" म्हटलं की आपल्याकडे लोक कसं बघतात ते मला ठाऊक आहे. लोकांना सांगा, लग्नाला गेलो होतो.

मामांचं मनावर घेऊ नका. त्यांना मुलगा जिंकलेला बघायचाय, कुठल्या बापाला नको असतं? त्यांना वही दाखवायची की नाही हे मिस्टरांवर सोडा.

साडी. संक्रांतीला काळी रेशमी साडी, आणि नवऱ्यानं स्वतः जाऊन निवडलेली. नेसा की, त्यात काय. हळदीकुंकवाला कोणी विचारलं तर ह्यांनी आणली म्हणून सांगा, तेही खरंच आहे. पिशवीत दुकानाची पावती असेल, तेवढी काढून वहीच्या समासात लावा, एक तारखेच्या खाली.